दुसरी सप्तमी

१

टप्.

मोरीतल्या रिकाम्या बादलीत पाण्याचा पहिला थेंब पडला आणि घरातली शांतता मोडली. कुंभवलीत आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं. नळ उघडाच ठेवून झोपायचं, म्हणजे थेंब आपल्याला उठवतो. मी तशी जागीच होते. रिद्धीचा पाय माझ्या पोटावर होता. चार वर्षांची पोर, आई सुटून जाईल म्हणून झोपेतही पाय टाकून ठेवते. मी तो हळूच उचलला, तळव्याची पापी घेतली आणि पाणी भरायला उठले.

सव्वाआठला मी कंपनीच्या गेटात होते. साडेआठला मेंटेनन्सच्या खोलीतून विश्रामकाकांचा आवाज आला.

"वही कुठं गेली? मार्चची वही कुठं गेली?"

कपाट उघडं होतं. बारा महिन्यांच्या जाड वह्या ओळीत, आणि फेब्रुवारी-एप्रिलच्या मधे पडलेल्या दातासारखी एक फट.

मार्चची वही म्हणजे माझ्या भावाची वही. सोळा मार्चला, सकाळी नऊला, कुंदनने पंप नंबर दोन चालू केला. पाइपचा जोड फुटला आणि कॉस्टिक सोड्याचा फवारा त्याच्या तोंडावर आला. दोन्ही डोळे गेले. वय चोवीस. चौकशीत ही वही पुढे आली. तीत आदल्या दिवसाची नोंद होती: पंप बंद आहे, कुंदनला सांगितलं आहे. म्हणजे बंद पंप त्यानेच चालू केला, चूक त्याचीच. कुंदन म्हणत राहिला, "मला कोनी सांगितलं नाय." आंधळ्या माणसाचं कोण ऐकतो? चौकशीचा अहवालसुद्धा आम्हाला कोणी दाखवला नाही.

मी त्याच कंपनीत कॉम्प्युटरवर नोंदी चढवते. आठ महिने मान खाली घालून चढवत होते. रोज ज्यांच्याशी 'गुड मॉर्निंग' म्हणत होते त्यांच्यातल्याच कोणीतरी ती ओळ खोटी लिहिली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला न्याय वगैरे नको होता. मला त्या माणसाचा चेहरा पडलेला बघायचा होता.

गोंगाट ऐकून मंजुळा मॅडम आल्या. सप्टेंबरमध्ये आलेल्या आमच्या नव्या कारखानाप्रमुख. त्यांनी फटीकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे.

"या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"तीन," ललित सर म्हणाले. "विश्रामकडे एक, माझ्याकडे एक." मग ते माझ्याकडे वळून गोड हसले. "आणि महिनाभरापासून हिमानीकडे."

२

आमच्या कंपनीत रंगाची पावडर बनते, पण खरा माल वह्यांचा. मेंटेनन्सची वही लॅबने बघायची नाही, लॅबची स्टोअरने बघायची नाही. असा नियम कोणी केला नव्हता. वही दिली की खुर्ची गेली, एवढं प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं. शिवाय प्रत्येकाची एक खाजगी वही. सरकारी वहीत साहेबाला आवडेल ते, खाजगी वहीत खरं ते.

मंजुळा मॅडमनी आल्या आल्या सांगितलं होतं, "पंप बिघडल्याचं एकाला माहीत, तो चालू असल्याचं दुसऱ्याला, आणि ज्याने तो चालवायचा त्याला काहीच नाही. असा कारखाना मी चालवणार नाही." सगळ्या खात्यांच्या वह्या स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि तो शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दिसेल, असं त्यांनी ठरवलं. काम माझ्याकडे आलं. ललित सरांनी हरकत घेतली, "तिचा भाऊ गुंतलाय यात." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच ती एक पान सोडणार नाही."

फोल्डर शनिवारी दहाला उघडणार होता. तोवर कोणीही आपली चूक आपण लिहून त्यात ठेवू शकत होता. ठेवलेली नोंद शनिवारपर्यंत कोणालाच उघडता येणार नाही, पण ठेवल्याची वेळ आपोआप पडेल. स्वतः लिहिली त्याला शिक्षा नाही. लपवलेली सापडली, त्याला हे गेट बंद. हा नियम मला मान्यच नव्हता. माझ्या भावाचे डोळे घेणारा चार ओळी लिहून सुटणार?

आता वहीच गेली होती. मॅडमनी मला म्हटलं, "कोणाकडे काय आहे, तुम्हीच विचारा."

विश्रामकाका मेंटेनन्सचे मुख्य. एडवणचे, भावाच्या होडीवर अजून सुट्टीला जाणारे. शर्टाच्या खिशात तेलकट छोटी वही. सरकारी वहीतही ते तारखेशेजारी तिथी लिहितात. भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवर, ती सवय सुटत नाही.

"काका, खिशातली वही दाखवता?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. "हिमानी बाय, कपाट माझं, म्हनून चोर पन मीच का? तीन वर्सं ऱ्हायलीत रिटायरला. ही वही माझ्यासंगं जानार."

"कुंदनला तुम्ही सांगितलं होतं?"

काकांनी पान्हा उचलला, पुसला, परत ठेवला. पान्हा स्वच्छच होता. "वहीत हाय ना लिवलेलं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

लॅबची स्वाती साबुदाण्याची खिचडी खात होती. तिच्या कॅलेंडरवर उपवासांना लाल गोल असतात, एकही चुकवत नाही. "तू पोलीस कधीपासून झालीस गं?"

"तुझी नमुन्यांची वही बघू."

"लॅबची वही लॅबची. तुला एक दाखवली की उद्या प्रॉडक्शन येईल विचारायला, नमुना नापास का केला म्हणून."

ललित सर प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "हिमानी, एक सांगू? तू आधी भावाला सांभाळ. वही सापडली तरी त्याचे डोळे परत येणार आहेत का?"

मी पाणी न पिता उठले. ग्लास हातात धरला असता तर फुटला असता.

दारातून त्यांनी हाक मारली. "आणि हो, मी मॅडमना सांगितलंय. संशय तुझ्यावर आहे."

३

वही हरवल्याची बातमी दोन दिवसांत कंपनीभर झाली. कॅन्टीनमध्ये लोक एकमेकांच्या ताटाकडे नाही, पिशव्यांकडे बघत होते. ज्याच्या-त्याच्या मनात एकच: आता हे माझ्या अंगावर येणार.

आणि मग वह्या बाहेर यायला लागल्या.

पहिली आली स्वाती, बुधवारी. नमुन्यांची वही माझ्या टेबलावर आपटली. "हे घे. मार्चमध्ये मी मेंटेनन्सच्या खोलीकडे फिरकले पण नव्हते. प्रत्येक तासाला लॅबमध्ये आहे, बघ सही. उद्या माझं नाव घेऊ नकोस."

मी पंधरा मार्चचं पान उघडलं. संध्याकाळी पाच: पंप दोनच्या लाइनचा नमुना. आणणारा: ललित. सहा वाजता निकाल नेला, सही ललित.

"स्वाती, पंप बंद असेल तर लाइनचा नमुना निघतो?"

"कसा निघेल? धार यायला पंप चालू लागतो."

"मग चौकशीत हे का नाही दाखवलंस?"

ती पहिल्यांदा गोंधळली. "त्यात पंप बंद होता असं लिहिलंय हे मला कुठे माहीत होतं? मला अहवाल कोणी दाखवला?"

गुरुवारी भागीताई आली. स्टोअरमध्ये सामान देते, डोंगराकडून जीपने येते. तिच्या हातात एक लांब तार होती आणि तारेत ओवलेल्या शेकडो चिठ्ठ्या.

"हे मार्चचं हाय. आमी काय चोरलं नाय बाय, एक पन चिठ्ठी टाकली नाय. मोज."

मी मोजत बसले. चौदा मार्च: पंप दोनसाठी गास्केट द्यावं, सही विश्राम. गास्केट म्हणजे पाइपच्या जोडात बसते ती चकती. ती गेली की जोड गेला. चिठ्ठीवर आडवं, लाल शाईत, पंधरा मार्च: 'आत्ता नको. माल रवाना झाल्यावर.' खाली सहीऐवजी नुसतं एक वळण. कोणाचंही असू शकेल असं.

"हे लाल कोणी लिहिलं, भागीताई?"

"चिठ्ठी मागारी आली तवा तसंच हुतं."

"आठ महिने हे तुझ्या तारेत होतं. बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच मला सहन झालं नाही. "कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली.

पंप बंद नव्हता. वहीतली ओळ खोटी होती. पण लिहिली कोणी? अक्षर विश्रामकाकांचं होतं, किंवा हुबेहूब तसं. स्वत:ची कातडी वाचवायला काकांनीच नंतर खुपसली नसेल कशावरून? नमुना ललित सरांनी आणला, पण पंप उद्या फुटेल हे त्यांना ठाऊक असल्याचं त्यावरून ठरत नव्हतं.

एका माणसाला अजून मी ती ओळ वाचून दाखवली नव्हती.

४

शुक्रवारी कंपनीला सुट्टी. रिद्धीला घेऊन मी दांडीला माहेरी गेले. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. कुंदन ओट्यावर बसून जाळं विणत होता; बाबांनी त्याला बोटांनी गाठ ओळखायला शिकवलंय. रिद्धी धावत त्याच्या मांडीत गेली.

"मामा, मी सांगू काय काय आहे? बोंबील आहेत. एक मांजर आहे. ती बोंबील बघतेय."

"कोनती मांजर? काळी का?"

"पांढरी! तुला काहीच दिसत नाही."

"म्हनून तर तुला बोलावलं ना बाय."

मी त्याच्या डोळ्यांत औषध घातलं. डोळे कोरडे पडतात, दुखतात, म्हणून. ते दुधाळ बुबुळ मी रोज डोळ्यांपुढे आणते. विसरू नये म्हणून आणते.

मग पिशवीतून कागद काढला आणि ती ओळ वाचली. "'१५ मार्च, अष्टमी. दुपारी ३. पंप २ बंद केला. गास्केट खराब. ऑपरेटर कुंदन यास सांगितले. विश्राम.'"

कुंदनचे हात थांबले.

"परत वाच. तिथी काय म्हनलीस?"

"अष्टमी."

"नाय. त्या दिशी सप्तमी हुती."

"सप्तमी चौदाला. वरच्या ओळीत आहे, चौदा मार्च, सप्तमी."

"पंधराला पन सप्तमीच. दोन सप्तम्या लागोपाठ आल्या हुत्या त्या टायमाला." त्याने आत हाक मारली. "बाबा! माझ्या आदल्या दिशी काय हुतं?"

बाबा दारात आले. "दुसरी सप्तमी. भांग लांबली म्हनून होडी काढली नाय. म्हनून तर तुझ्यासाठी हॉस्पिटलात धावायला घरी सापडलो मी."

भरतीला जोर नसतो त्या दिवसांना आमच्याकडे भांग म्हणतात. कधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस चालते; असा लांबलेला दिवस किनाऱ्यावरचा माणूस चुकवत नाही. त्याचं जाळं त्यावर टाकायचं की नाही ठरतं. विश्रामकाकांनी त्या दिवशी अष्टमी लिहिली असती तर एडवणला त्यांना कोणी होडीत घेतलं नसतं.

ही ओळ अशा कोणीतरी लिहिली होती, ज्याला काका तिथी लिहितात हे माहीत होतं, पण तिथी माहीत नव्हती. त्याने वरच्या ओळीत पाहिलं, सप्तमी. पुढचा दिवस, म्हणून अष्टमी. एक मिळवला. सोपं. आणि मार्चमध्ये कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या, त्यातली एक काकांची.

"ताई," कुंदन हळूच म्हणाला, "नाव कळलं ना? तुझा श्वास बदलला."

५

शनिवारी सकाळी गेटावर विश्रामकाका उभे होते. रात्रभर झोपले नव्हते असं दिसत होतं. "हिमानी बाय, मी लिवलं. आत्ताच ठेवलं फोल्डरात."

मी थांबले नाही.

दहाला मंजुळा मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. बाहेर व्हरांड्यात कामगारांची गर्दी; मॅडमनी दार उघडंच ठेवलं होतं. भिंतीवर फोल्डर उघडला. आत कबुलीच्या दोनच नोंदी होत्या.

"आधी हिमानी," मॅडम म्हणाल्या.

मी उभी राहिले. वहीतली ओळ वाचली, मग दोन सप्तम्यांचं सांगितलं.

ललित सर मोठ्याने हसले. "मॅडम, आता पंचांगावरून माणसं काढणार का आपण?"

"तिथीने एवढंच ठरतं की काकांनी ओळ लिहिली नाही," मी म्हणाले. "स्वातीनेही नाही. ती उपवासवाली, कॅलेंडर बघितल्याशिवाय तिथी लिहिणार नाही. आणि पाचला त्याच लाइनचा नमुना घेतल्याचं तिच्याच वहीत असताना ती तीनला पंप बंद कशाला लिहील?"

"तेच म्हणतो मी. नमुना मी आणला. मग मी तरी कशाला लिहीन?"

ह्याच प्रश्नाची मी वाट बघत होते.

"कारण तुम्हाला तीनच लिहावे लागणार होते. कुंदनची शिफ्ट तीनला सुटायची. त्याला सांगितलं असं दाखवायचं, तर पंप तीनला बंद झालाच पाहिजे. पाचचा नमुना तुम्हाला आठवत नव्हता असं नाही. पण लॅबची वही मेंटेनन्सच्या वहीशेजारी कोणी ठेवणार नाही, याची तुम्हाला खात्री होती. वीस वर्षांत कोणी ठेवली नव्हती." मी भागीताईची तार टेबलावर ठेवली. "ही चिठ्ठीपण. 'माल रवाना झाल्यावर.'"

"ते वळण माझं नाही."

"नाही?" मॅडमनी दुसरी नोंद उघडली. काकांच्या खिशातल्या वहीचं पान भिंतीवर मोठं झालं. तेलाचे डाग, वाकडी अक्षरं: 'सप्तमी, दुसरी. पंप २ गळतो. ललित सरांस चिठ्ठी दिली. माल गेल्यावर म्हणाले. समोरच लाल पेनने लिहिले. पंप चालूच.' आणि खाली, काल लिहिलेलं: 'अपघातानंतर सरांनी वहीत ओळ घातली. म्हणाले, एकतर पंप तू बंद केला होतास, नाहीतर खराब पंप तू चालू ठेवलास, निवड. मी गप्प बसलो. पोराचे डोळे गेले आणि मी गप्प बसलो.'

व्हरांड्यातले लोक दाराशी सरकले.

"आता एकच राहिलं," ललित सर म्हणाले. आवाज चढला होता. "मूळ वही चोरली कोणी? ती नाही, तर हे सगळं हवेत आहे!"

मी डब्याची पिशवी उघडली आणि मार्चची वही टेबलावर ठेवली.

कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. स्वाती असावी.

"रविवारी संध्याकाळी मी नेली. रिद्धीच्या जुन्या दुपट्यांच्या गाठोड्यात होती. मागून कोणी वही देत नव्हतं. म्हटलं, सरकारी वही हरवली की ज्याला-त्याला आपली खाजगी वही आठवेल. आठवली."

"ऐकलंत? चोर ही आहे!"

"पहिली नोंद वाचा, ललित," मॅडम शांतपणे म्हणाल्या. 'सोमवार, सकाळी ८ वाजून २० मिनिटं. मार्चची वही मी नेली आहे. शनिवारी परत आणीन. हिमानी.' "हरवल्याची बोंब होण्याआधी दहा मिनिटं. नियम तिलाही लागू आहे."

ललित सरांनी वहीकडे पाहिलं. तळाशी कोंबलेली ती ओळ, वरच्या ओळींपेक्षा नवी शाई. मग ते म्हणाले, "मी... मी पण लिहिणारच होतो. आज संध्याकाळपर्यंत—"

"मुदत दहापर्यंत होती."

आणि तेव्हा तो चेहरा पडला. आधी गाल, मग हनुवटी, मग डोळे, जमिनीत काहीतरी शोधणारे. मी एक क्षणही नजर हलवली नाही. कुंदनसाठी बघत होते, दोघांच्या वाटचं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गोड लागलं.

गेटाबाहेर जाताना त्यांच्या हातात फक्त डबा होता. सगळी पानं फोल्डरमध्ये गेली, दोनशे माणसांना दिसतील अशी, आणि वर मॅडमनी लिहिलं: कुंदनची चूक नव्हती.

विश्रामकाका माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. नियमाने ते सुटले होते, जसा नियमाने माझाही बचाव झाला होता. हे मला कळत होतं. "बाय, माफ कर."

"शिक्षा मॅडमनी माफ केली," मी म्हणाले. "माझ्याकडे मागू नका." आणि त्यांच्या अंगावरून निघून गेले.

६

घरी आले तर रिद्धी उंबऱ्यात. मी पिशवी टाकली, तिला उचललं, गरागरा फिरवलं. ती खिदळली.

"आई, तू हसतेयस!"

"हो गं माझी बाय. आज आईने त्या माणसाला पकडलं."

"कोणत्या?"

"ज्याने मामाला खोटं पाडलं होतं. ज्याच्यामुळे मामाचे डोळे गेले."

"खूप ओरडलीस त्याला?"

"ओरडले नाही. सगळ्यांसमोर दाखवलं, त्याने काय केलं ते. आता तो परत येणार नाही. आता सगळ्यांना कळलं, मामाची काही चूक नव्हती."

तिने विचार केला. मग माझ्या हातातून सुटून धडपडत खाली उतरली, कोपऱ्यातून आपल्या चपला आणल्या आणि उलट्या-सुलट्या पायात घालायला लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"दांडीला. मामाकडे." तिने वर पाहिलं. तोंडभर हसू, डोळे लखलखीत, दोन्ही. "आई, मग आता मामाला मी दिसेन ना?"